ई-दिवाळी अंकातील लेखनाचा पुनर्वापर : नियमांच्या मसुद्यावर चर्चा

अंकमंडळ (धागाकर्ते)

सर्व लेखक-वाचकांना सप्रेम नमस्कार.

यंदाच्या ई-दिवाळी अंकासाठी लेखन मागवण्याआधी एक काम हातावेगळे करायचे आहे. अंकातील लेखन इतरत्र कोणी, किती आणि कोणत्या अटींवर वापरावे याविषयी आपल्याकडे आजवर पानाच्या तळाशी असलेली एकच ओळ होती : 'लेखन पुढे पाठवताना लेखकाच्या नावानिशी पाठवावे.' गेल्या अंकातील नदीकाठच्या घाटांवरचा लेख एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत छापून आला. लेखिकेचे नाव होते, खाली 'साभार : इंटरनेट' असेही होते. मात्र शीर्षक बदललेले होते, शेवटचे दोन परिच्छेद जागेअभावी उडवले होते आणि छायाचित्रांच्या कोपऱ्यातली छायाचित्रकाराची सही कापून टाकली होती. पुरवणीकडे विचारणा केली, तेव्हा त्यांनी आपल्याच ओळीकडे बोट दाखवले : नावानिशी पाठवा म्हणालात, आम्ही नावानिशी छापले. हा युक्तिवाद कितपत टिकतो ते कायदा जाणणाऱ्यांनी सांगावे. तो करायला जागाच उरणार नाही असे नियम यंदा लिहायचे आहेत.

मसुदा थोडक्यात असा आहे. लेखनाचे प्रताधिकार (कॉपीराइट) लेखकाकडेच राहतील. लेखक अंकाला ते लेखन आंतरजालावर प्रथम प्रकाशित करण्याची आणि संग्रहात ठेवण्याची परवानगी देईल, आणि अंक निघाल्यापासून सहा महिने ते अन्यत्र प्रकाशित करणार नाही. वाचकांनी लेखाचा दुवा द्यावा, हवा तर छोटा उताराही द्यावा. पूर्ण लेख मात्र लेखकाच्या लेखी संमतीशिवाय वापरू नये. उताऱ्याची मर्यादा किती असावी, क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना (ठरावीक अटींवर कोणालाही लेखन वापरू देणारा मुक्त परवाना) स्वीकारावा का, आणि आपल्या मंडळाने पूर्वी काढलेले छापील अंक स्कॅन करून चढवता येतील का, या तीन गोष्टींवर मंडळातच एकमत नाही. त्यावर विशेष मते हवी आहेत.

कायदेकानू

पुरवणीच्या युक्तिवादापासून सुरुवात करतो. १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमाने लेखकाला दोन निरनिराळ्या जातीचे हक्क दिले आहेत. कलम १४ खालचे हक्क वापराचे आहेत : प्रती काढणे, लोकांपर्यंत पोहोचवणे, भाषांतर करणे, रूपांतर करणे. कलम ५७ खालचे हक्क लेखकाच्या व्यक्तित्वाशी जोडलेले आहेत : हे लेखन माझे आहे असे सांगण्याचा हक्क, आणि आपल्या लौकिकाला बाध येईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क. पुरवणीने नाव छापले म्हणजे कलम ५७ चा अर्धा भाग पाळला. कलम १४ खाली लागणारी परवानगी त्याने मिळत नाही. 'साभार' हे तर कोणत्याच कलमात बसत नाही. आभार जरूर मानावेत, पण विचारून झाल्यावर. छायाचित्रांचे हक्क छायाचित्रकाराचे असल्याने त्याची तक्रार लेखिकेच्या तक्रारीहून स्वतंत्र आहे.

आपल्या तळाच्या ओळीला परवाना म्हणता येईल का? कलम ३० नुसार परवाना लेखी असावा लागतो आणि तो हक्कधारकाने द्यावा लागतो. कलम १७ प्रमाणे लेखनाचा पहिला हक्कधारक लेखक स्वतः असतो. नियतकालिकाच्या पगारी नोकरीत राहून लिहिलेल्या मजकुराला अपवाद आहे, आणि तोही नियतकालिकात प्रसिद्ध करण्यापुरताच. आपले लेखक कोणाच्याच नोकरीत नसतात. अंकाकडे जे हक्क कधी आलेच नाहीत, ते अंकाने पानाच्या तळाशी वाटून टाकले तरी लेखिका त्याने बांधली जात नाही.

एक सावधगिरी मात्र मसुद्यात हवी. कलम ५२(१)(एम) नुसार चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरील लेख वृत्तपत्राने वा मासिकाने पुन्हा छापला तर तो भंग ठरत नाही, जोपर्यंत लेखकाने पुनर्मुद्रणाचा हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला नाही. घाटांवरचा लेख प्रवासवर्णन म्हणून वाचला तर हा अपवाद लागू नाही. नदीसुधार प्रकल्पावरची टीका म्हणून वाचला तर वाद घालता येतो. म्हणून 'पुनर्मुद्रणाचे हक्क लेखकाने राखून ठेवले आहेत' हे वाक्य प्रत्येक लेखाखाली यावे, आणि ते लेखकाच्या संमतीने यावे, कारण राखून ठेवणारा लेखक आहे, मंडळ नव्हे.

आता मसुद्यातली सर्वांत मोठी उणीव. परवानगीची मुदत आणि क्षेत्र तुम्ही लिहिलेले नाही. कलम १९ सांगते की हस्तांतरणाच्या कागदात मुदत नसेल तर ती पाच वर्षे धरावी, आणि क्षेत्र नसेल तर ते भारतापुरते धरावे. कलम ३०अ मुळे हाच नियम परवान्यांनाही, आवश्यक त्या फेरफारांसह, लागू होतो. म्हणजे 'अंकासाठी लेख सोबत जोडला आहे' एवढ्या ईमेलवर छापलेले पाच वर्षांपूर्वीचे लेख आज आपल्या संग्रहात कोणत्या आधारावर आहेत, असा प्रश्न उद्या कोणी विचारला, तर आपल्याजवळ सरळ उत्तर नाही. आणि आंतरजालावरचा अंक 'भारतापुरता' असतो तरी कसा?

दूरदेशी

कायदेकानू, मुदतीचा मुद्दा मला अगदी नवीन होता, आभारी आहे. मंडळाला विनंती की जुन्या लेखकांना एकच सामायिक पत्र पाठवून जगभरासाठी आणि प्रताधिकाराच्या पूर्ण मुदतीसाठी संमती घ्यावी.

माझा प्रश्न वेगळा आहे. न्यू जर्सीत आमच्या रविवारच्या मराठी शाळेत आम्ही अंकातील गोष्टी मुलांना वाचायला देतो, काही वेळा शब्द सोपे करून छापतो. 'फेअर यूज'खाली, म्हणजे परवानगीशिवाय करता येणारा न्याय्य वापर म्हणून, हे चालते, अशी आम्हा सर्वांची समजूत आहे. ती बरोबर आहे का? तसेच, अंक क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'श्रेय द्या, तसेच वाटा' (लेखकाचे नाव द्या आणि पुढे त्याच परवान्याखाली वाटा) या परवान्याखाली काढला तर हे प्रश्नच मिटतील, असे मला वाटते. गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये आपला कोंकणी विश्वकोश याच प्रकारच्या मुक्त परवान्याखाली खुला केला. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि तिथे गावे, घाट, लोककला यांवरच्या चांगल्या मजकुराची वानवा आहे. आपल्या अंकातले माहितीपर लेख तिथे पोहोचले तर कोणाचे काय बिघडते?

कायदेकानू

दूरदेशी, तुमचा वर्ग न्यू जर्सीत भरतो, त्यामुळे तिथे अमेरिकेचा कायदा लागू होईल, लेखक साताऱ्याचा असला तरी. तिथला 'फेअर यूज' लवचीक आहे. वापराचा हेतू, मूळ लेखनाचे स्वरूप, घेतलेला भाग आणि बाजारावरचा परिणाम या चार कसोट्या न्यायालय एकत्र तोलते. भारतातला 'फेअर डीलिंग'चा अपवाद असा मोकळा नाही. खासगी वापर व संशोधन, समीक्षा वा परीक्षण, आणि चालू घडामोडींचे वृत्त हे त्याचे हेतू कलम ५२ मध्येच लिहून ठेवले आहेत. शिकवण्यासाठी मात्र आपल्याकडे स्वतंत्र तरतूद आहे, आणि दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानाच्या प्रकरणात २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिचा अर्थ बराच उदारपणे लावला. वर्गात मुलांना गोष्ट वाचायला देणे मला दोन्हीकडे सुरक्षित वाटते. शब्द सोपे करून पुस्तिका छापणे आणि ती संमेलनात विकणे ही निराळी गोष्ट झाली. तिथे लेखकाला विचारावे.

जाता जाता : 'दहा टक्क्यांपर्यंत चालते' किंवा 'तीनशे शब्द चालतात' असा आकडा आपल्या कायद्यात कुठेही नाही. मंडळाने उताऱ्याची शब्दमर्यादा घातली, तर ती लेखकांनी आपणहून दिलेली सवलत असेल. कायद्यातली सीमारेषा म्हणून ती मांडू नये.

सांजवारा

शब्दमर्यादेच्या चर्चेत कवितेचा विचार कोणीच केलेला दिसत नाही. माझ्या बहुतेक कविता बारा ते सोळा ओळींच्या असतात. गद्य लेखातून दीडशे शब्द उचलले तर तो उतारा होतो. माझ्या कवितेतून दीडशे शब्द उचलले तर कविता संपून पुढच्या पानाचीही सुरुवात झालेली असेल.

क्रिएटिव्ह कॉमन्सला माझा विरोध आहे. तो परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनी फारसे ठळकपणे सांगितलेले मला आढळत नाही. अंकाच्या संकेतस्थळावरून परवान्याची खूण काढली, तरी ज्याने त्याआधी कविता घेतली त्याचा हक्क कायम राहतो. शिवाय 'तसेच वाटा' प्रकारात बदल करायला मुभा असते. कवितेत बदल म्हणजे काय, हे सकाळी गुलाबाच्या चित्रावर चढून आलेल्या संदेशांत आपण रोज पाहतो. माझी एक कविता अशीच फिरत फिरत माझ्याकडेच आली. शेवटची ओळ अधिक 'सकारात्मक' करून घेतलेली होती आणि खाली नाव कुसुमाग्रजांचे होते. यात मी रागवावे की हुरळून जावे हे मला ठरवता आले नाही, पण कुसुमाग्रजांच्या बाजूने विचार केला तर त्यांच्यावर झालेला अन्याय अधिक मोठा आहे.

चुलीवरचं

मी अंकासाठी पाककृती लिहिते. माझ्या कोहळ्याच्या सांदणांची कृती तीन ब्लॉगांवर आणि एका यूट्यूब वाहिनीवर गेली. मापे माझीच, 'पीठ चमच्यावरून फितीसारखे पडले पाहिजे' हे वाक्यही माझेच. पाककृतीला प्रताधिकार नसतो असे मला सांगण्यात आले. मग मी तक्रार करायची की नाही?

कायदेकानू

चुलीवरचं ताई, कल्पनेला प्रताधिकार नसतो, तिच्या अभिव्यक्तीला असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. कोहळा, तांदळाचा रवा आणि गूळ यांच्या प्रमाणावर कोणाची मालकी सांगता येणार नाही. कोणीही तुमची कृती करून पाहावी आणि स्वतःच्या शब्दांत लिहावी. तुमचा 'फितीसारखे' हा शब्द असलेला परिच्छेद आणि तुम्ही काढलेली छायाचित्रे मात्र तुमची आहेत. यूट्यूबवाल्या बाईंनी स्वतः सांदणे करून स्वतःच्या शब्दांत सांगितले असेल, तर तक्रारीत दम नाही. ब्लॉगांनी मजकूर चिकटवला असेल, तर आहे.

तक्रारीचा रस्ता असा. आधी ब्लॉगलेखकाला पत्र लिहावे. पुष्कळ वेळा तेवढ्यावर काम भागते. न भागल्यास ज्या सेवेवर तो ब्लॉग आहे, तिला लेखी तक्रार द्यावी. २०१३ च्या प्रताधिकार नियमांनुसार अशा मध्यस्थाने ३६ तासांच्या आत पावले उचलून तो मजकूर २१ दिवस रोखून धरायचा असतो. त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर तो पुन्हा खुला करण्याची त्याला मोकळीक आहे. दाव्याची वेळ आलीच, तर कलम ६२ मुळे तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात तो दाखल करता येतो, ब्लॉगवाल्याच्या गावी जावे लागत नाही. प्रताधिकाराची नोंदणी केलेली नसली तरी अडत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हे पुन्हा एकदा निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

सांजवारा, तुमचा परवान्याविषयीचा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. दूरदेशींसाठी एवढेच जोडतो की विकिपीडियाला 'अव्यापारी' किंवा 'बदल नको' अशा अटींचा परवाना चालत नाही. त्यामुळे मधला मार्ग म्हणून असा अर्धामुर्धा परवाना स्वीकारला, तर विकिपीडियाचा हेतू साधत नाही, आणि परवाना मागे घेण्याची सोयही हातची जाते. माहितीपर लेख आणि ललित लेखन यांना एकाच नियमात कोंबू नये. निवड लेखावार, लेखकाने करावी.

जीर्णपत्र

छापील अंकांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मी जुने दिवाळी अंक जमवतो आणि स्कॅन करतो. 'अंक जुना आहे, म्हणजे मोकळा आहे' हा समज संग्राहकांत फार पसरलेला आहे. अंकाला वय असते, पण मुदत मोजायची ती लेखकागणिक. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे असा आपला हिशेब आहे. १९९२ पूर्वी तो ५० वर्षांचा होता आणि रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याची मुदत संपत आली तेव्हा तो वाढवला गेला. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचे साहित्य २०११ च्या आरंभापासून मुक्त आहे. पण १९४० च्या एखाद्या अंकात तेव्हा विशीत असलेल्या कवीची कविता असेल आणि ते १९९० मध्ये वारले असतील, तर ते एक पान २०५० संपेपर्यंत बंद आहे.

एकाच पुस्तकात दोन मुदती कशा नांदतात याचे माझे आवडते उदाहरण बहिणाबाई चौधरींचे आहे. त्या १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचा संग्रह १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. मरणोत्तर प्रकाशित लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ती गाणी २०१३ च्या आरंभी मुक्त झाली. अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची प्रस्तावना २०२९ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. पूर्ण संग्रह स्कॅन करून चढवणारा माणूस बहिणाबाईंच्या बाबतीत निर्दोष असतो आणि पहिल्या काही पानांपुरता अत्र्यांचा देणेकरी. ज्ञानेश्वरीच्या नव्या गद्य रूपांतरांचेही हेच : ओव्या सर्वांच्या, आजच्या लेखकाने केलेला अर्थ त्याचा.

टोपणनावाने लिहिलेल्या लेखनाची ६० वर्षे प्रकाशनापासून चालतात, मात्र त्या मुदतीत खरा लेखक उघड झाला तर पुन्हा त्याच्या मृत्यूपासून मोजावी लागतात. आपल्या ई-अंकात निम्मे लेखक टोपणनावाने लिहितात. त्यांची खरी नावे मंडळाने गोपनीय ठेवावीत, पण लेखी संमतीच्या कागदावर असू द्यावीत; नाहीतर चाळीस वर्षांनी माझ्यासारख्याने कोणाकडे विचारायला जायचे?

राहता राहिला स्कॅनचा प्रश्न. त्या काळी लेखकांनी मजकूर दिला तो छापण्यासाठी. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये असे घातले आहे की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हते किंवा व्यापारी वापरात नव्हते, त्याचे हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय दिले गेले असे मानता येत नाही. आपल्याकडे तर करारच नाहीत, मानधनाच्या पावत्या तेवढ्या आहेत. ज्यांचे वारस सापडतच नाहीत अशांसाठी कलम ३१अ मध्ये सक्तीच्या परवान्याची वाट आहे, पण तीत इंग्रजी दैनिकात जाहिरात देणे आणि न्यायालयापुढे अर्ज करणे येते. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाने ती वाट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वारस शोधावेत, मराठी लेखकांचे वारस दोन फोनमध्ये सापडतात आणि आजोबांचा लेख कोणाला तरी हवा आहे हे ऐकून बहुधा हरखतात.

तळटीप

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी अंकातील मजकूर वापरू नये, असे वाक्य नियमांत घालावे का? वृत्तसंस्था एएनआयने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, त्यात हाच प्रश्न आहे. वाक्य घातल्याने आंतरजालावर फिरणारे यंत्र थांबणार नाही हे मला कळते, तरी लेखकाची इच्छा नोंदलेली असावी. काही लेखकांना, उलट, आपली बोली यंत्रांना यावी असे वाटत असेल. त्यांनाही तसे म्हणता यावे.

अंकमंडळ

सर्वांचे आभार. सुधारित मसुदा असा. प्रत्येक लेखासोबत लेखक एक संमतिपत्र भरेल. त्यात खरे नाव, टोपणनाव, आणि अंकाला दिलेल्या अनन्य नसलेल्या (म्हणजे लेखक इतरांनाही देऊ शकेल अशा) परवान्याची मुदत व क्षेत्र ही शब्दांत लिहिलेली असतील : प्रताधिकाराच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभर, आंतरजालावर आणि अंकाच्या पीडीएफ व ई-पुस्तक आवृत्तीत. छापील संकलन काढायचे झाल्यास पुन्हा विचारले जाईल. पुनर्वापराचा पर्याय लेखक स्वतः निवडेल. काहीच निवडले नाही तर 'पुनर्मुद्रणासह सर्व हक्क राखीव' असे लेखाखाली येईल. माहितीपर लेखांसाठी 'श्रेय द्या, तसेच वाटा' हा परवाना निवडता येईल, आणि तो मागे घेता येत नाही ही सूचना त्या चौकटीच्या शेजारीच, त्याच आकाराच्या अक्षरांत असेल. यंत्रप्रशिक्षणाविषयीचा पर्याय वेगळ्या ओळीत राहील. छायाचित्रकारांसाठी निराळे संमतिपत्र असेल आणि दुसऱ्याने काढलेले छायाचित्र लेखकाच्या शब्दावर स्वीकारले जाणार नाही.

गद्यातून दीडशे शब्दांपर्यंतचा उतारा, लेखकाचे नाव आणि मूळ लेखाचा दुवा देऊन, विचारल्याशिवाय घेता येईल. समीक्षेसाठी कायद्याने जी मोकळीक आहे ती याहून वेगळी आहे, असे तिथेच लिहू. जुन्या लेखकांना पाठवायचे पत्र कायदेकानू तपासून देतील का? छापील अंकांपैकी ज्या लेखांची संमती मिळेल तेवढेच चढवू; बाकीच्यांची अनुक्रमणिकेत फक्त नोंद राहील. वारसांच्या शोधाचे काम जीर्णपत्र यांनी घ्यावे अशी विनंती आहे, कारण ते दोन फोन कोणाला करायचे हे त्यांनाच माहीत दिसते.

सांजवारा

कवितेचे राहिले.

अंकमंडळ

कवितेच्या चार ओळी, आणि एकूण ओळींच्या एक चतुर्थांशाहून अधिक नाही. चारोळी असेल तर फक्त दुवा. चित्रावर चढवून पाठवण्यास कवीची लेखी संमती लागेल. हे चालेल का?

सांजवारा

चालेल. 'ओळीत बदल करू नये' हेही जोडा.